घरचा साक्षीदार

रेकॉर्डिंगमधला म्हातारा खोकला, त्यानं घसा साफ करून घेतला आणि तो म्हणाला, "भट्टी विझते तेव्हा आवाज होत नाही. रोजचा आवाज बंद होतो ना, तोच ऐकू येतो." बाह्य परीक्षक म्हणून टेबलाच्या टोकाला बसलेल्या निवृत्त प्राध्यापकाच्या हातातलं पेन कागदावर अडलं. खोलीत बाकी कुणाला काही झालं नाही. विभागप्रमुख मान डोलावत होते, पण ते रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधीपासूनच डोलावत होते. संशोधक मुलीनं लॅपटॉपवरचा आवाज थांबवला, प्रबंधाचं पान उलटलं आणि ती पाठ करून आल्यासारखी, पण मनापासून म्हणाली, "सर, काच कारखान्याच्या संपाबद्दल तुम्ही पुस्तकात जे मांडलंय, त्याला इथे पहिल्यांदा स्वतंत्र साक्ष मिळते. भट्टीखात्यातले आता दोघंच हयात आहेत. एक हे आजोबा. दुसरे तुमचे वडील. त्यांची मुलाखत मी मुद्दाम घेतली नाही. तुमचे वडील म्हटल्यावर ते बरोबर दिसलं नसतं ना, सर." त्यानं मान हलवली. पंख्याचा वारा लागून प्रबंधाची पानं सारखी उचलत होती आणि ती दाबून धरायला त्याच्या हाताला एक काम मिळालं होतं. चेहरा मात्र कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

कारण ते वाक्य त्याचं होतं. पुस्तकात कामगारांची वाक्यं पुष्कळ होती, अवतरणचिन्हांत नीट बसवलेली, प्रत्येकाखाली तळटीप. पण हे वाक्य कुणीच बोललं नव्हतं. ते त्यानं केलं होतं. तेव्हा तो शिंप्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत राहायचा. खाली दिवसभर शिवणयंत्र चालायचं आणि त्या घरघरीत तो लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. भट्टी विझली त्या सकाळचं वर्णन त्याला जमत नव्हतं. जमणार कसं, त्या सकाळी तो आत्याच्या मांडीवर असणार. मग एका दुपारी शिंपी जेवायला उठला, यंत्र थांबलं, खोलीत एकदम एवढी मोठी शांतता पसरली की तो दचकला, आणि त्या दचकण्यातून ते वाक्य सुचलं. अवतरणचिन्हं नाहीत, तळटीप नाही, निवेदनात बेमालूम मिसळलेलं. परीक्षणं लिहिणाऱ्या प्रत्येकानं नेमकं तेच उचललं. शिंपी डबा खात होता म्हणून सुचलेलं ते वाक्य आज भट्टीखात्यातल्या एका म्हाताऱ्याची आठवण होऊन परत आलं होतं, खोकल्यासकट.

विचारायला तर हवंच होतं. परीक्षक होता तो, त्याचे पैसे नाहीत तरी मान घेत होता. "या आजोबांनी," तो म्हणाला, आणि आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याला बरं वाटलं, "या आजोबांनी माझं पुस्तक वाचलंय का, हे तुम्ही विचारलं होतं?" मुलगी हसली. "नाही सर, त्यांना वाचताच येत नाही." त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हणजे योगायोग. म्हणजे आपण शिंप्याच्या खोलीत बसून खरंच तिथवर पोचलो होतो, असंही असू शकतं. तेवढ्यात मुलगी कौतुकानं म्हणाली, "पण दर वर्षी संपाच्या दिवशी युनियनच्या हॉलमध्ये तुमचं पुस्तक मोठ्यानं वाचतात ना, तेव्हा आजोबा पहिल्या रांगेत असतात. फार मानतात तुम्हाला. बरंचसं पाठच आहे त्यांना." विभागप्रमुखांनी मान डोलावली. त्यानं पुढचे दोन प्रश्न संदर्भसूचीबद्दल विचारले, जे कुणालाही विचारता येतात आणि कुणालाही उत्तर देता येतं. मग शिफारस लिहून सही केली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं खरोखर मेहनत घेतली होती, चूक तिची नव्हतीच. तिला नापास करायचं तर आधी स्वतःला करावं लागलं असतं, आणि तेवढी तयारी एका सकाळी होत नाही.

बाहेर पडून तो बसथांब्यावर उभा राहिला. घरी जायची बस आली, त्यानं ती जाऊ दिली. काच कारखान्याची गोष्ट त्याची इतक्या वेळा सांगून झाली होती की आता ती त्याच्या तोंडून आपोआप सुरू व्हायची. काचेची भट्टी कधी विझवत नाहीत. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं ती पेटती ठेवावी लागते, कारण ती थंड झाली की आतली पातळ काच आतच थिजते आणि मग भट्टी फोडण्यापलीकडे तिचा काही उपयोग राहत नाही. संपाच्या वर्षी भट्टी विझली. कारखाना पुन्हा उभा राहिला नाही आणि गावाचा तो भाग कायमचा बसला. मालक म्हणत, कामगारांनी विझवली. कामगार काही म्हणत नसत. त्यानं पुस्तकात दाखवून दिलं की संपावर असतानाही भट्टीखात्याची माणसं बिनपगारी आत जाऊन भट्टी सांभाळत होती, कारण त्यांना परत कामावर यायचं होतं. एका सकाळी मालकांनी फाटक बंद केलं, भट्टीला जाणारं तेल तोडलं आणि भट्टी मेली. या एका गोष्टीवर त्याचं आयुष्य उभं होतं. नोकरी, बढती, परिषदा, बिल्ले, दोन देशांतल्या दोन थंड खोल्यांमधलं पाहुणपण. ज्या बाईशी त्यानं लग्न केलं ती सुद्धा पुस्तक वाचून भेटायला आली होती, आणि पुढे कित्येक वर्षांनी सामान बांधताना न भांडता म्हणाली होती, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी कामगार व्हायला पाहिजे. मग टेप लावशील, मग ऐकशील." ते वाक्य इतकं चांगलं होतं की तो लिहून ठेवायला उठला होता. तिनं ते पाहिलं आणि ती हसली.

कामगार त्याला टेपवाले म्हणायचे. "आले टेपवाले," असं म्हणून खाट झटकायचे. थोरल्या सरांनी, ज्यांच्या हाताखाली त्यानं प्रबंध केला, त्याला टेप कसा लावायचा, गप्प कसं बसायचं, माणूस रडायला लागला तर यंत्राकडे न पाहता आपल्या बुटांकडे कसं पाहायचं हे सगळं शिकवलं होतं. आणि एक कानमंत्र दिला होता. "घरच्या माणसाला टेपसमोर बसवायचं नाही. घरचा माणूस साक्षीदार नसतो. तो तुझ्या बाजूनं बोलतो." तो तरुण होता, नियम पाळण्यात त्याला अभिमान वाटायचा. रविवारी कामगार त्याच्या वडिलांच्याच दोन खोल्यांत यायचे, कारण टेप लावण्याजोगी शांतता तिथेच होती. वडील त्यांना चहा करून द्यायचे, पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवायचे आणि टेप सुरू झाला की बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायचे. भट्टीखात्यात त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. आत बोलणाऱ्यांपैकी काहीजण साधे हमाल होते, भट्टी त्यांनी लांबून पाहिलेली. तरी वडील पायरीवर. रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालतात हे त्याच्या लक्षात यायला वर्ष गेलं असेल. "आमचा नंबर कधी लागायचा, प्राध्यापक?" ते विचारायचे. तो अजून प्राध्यापक झालाही नव्हता. "तुमचं निवांत घेऊ, बाबा," तो म्हणायचा. थट्टेतलं 'प्राध्यापक' पुढे खरं झालं, वडिलांच्या तोंडी तेच राहिलं आणि निवांतपणा काही आला नाही.

दुसरी बसही त्यानं सोडली. थांब्याच्या काचेवर कुणीतरी शिकवणीची जाहिरात चिकटवली होती, खाली फोन नंबरच्या चिठ्ठ्या कातरून ठेवलेल्या, एकही कुणी तोडून नेली नव्हती. निवृत्त होताना त्याचा विभाग मनुष्यबळ व्यवस्थापनात विलीन झाला होता आणि त्याच्या भाषणाला जे आले ते बहुतेक खाण्यासाठी आले होते. त्याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं. विषय जुना होतो, माणसं दुसरीकडे जातात, हे तर त्याच्याच धंद्याचं भांडवल. पण आजपर्यंत त्याला एक भरवसा होता, की आपण जे टेपवर घेतलं ते कुणाचं तरी होतं. आपण फक्त पोचवलं. आता त्याला वाटू लागलं की आपण पोचवलं नाही, ओतलं. त्या माणसांच्या डोक्यात जे काही धूसर, अडखळत, एकमेकांशी न जुळणारं पडून होतं, त्यावर आपण आपलं पुस्तक ओतलं आणि ते थिजलं. ही उपमा सुचताच त्याला स्वतःची शिसारी आली. अजून उपमाच सुचत होत्या.

आणि मग, तिसऱ्या बसची वाट पाहताना, ज्या विचाराभोवती तो सकाळपासून घुटमळत होता तो विचार सरळ समोर येऊन उभा राहिला. बाबांना आपण कधी विचारलं नाही. बाबांकडे जे आहे ते कुणीच घेतलेलं नाही. आणि त्यातच आई आहे. संपाच्याच वर्षी ती तापानं गेली. तिचा एक फोटो नव्हता. आत्यानं दोघा भावंडांना वाढवलं. तिला आईबद्दल विचारलं की ती "चांगली होती" एवढंच म्हणायची, आणि बाबांना विचारायची पद्धतच घरात नव्हती. शेकडो बायकांना त्यानं विचारलं होतं, संपात घर कसं चालवलंत, पोरांना काय सांगितलंत, तुम्हाला भीती वाटायची का. त्यांच्या उत्तरांनी एक आख्खं प्रकरण भरलं होतं. आपल्या आईबद्दल त्याला ओ की ठो माहीत नव्हतं. भट्टी कुणी विझवली हे आता त्याला महत्त्वाचं वाटेनासं झालं. त्याला एक गोष्ट हवी होती, कितीही लहान, जी त्याच्या पुस्तकात नाही. तिचा आवाज जाड होता की बारीक, एवढंही चाललं असतं. तिसरी बस बहिणीच्या घराकडे जाणारी होती. तो चढला.

"आज कसा काय उगवलास?" बहिणीनं दार उघडत विचारलं. तिचे हात ओले होते. "परीक्षा होती ना तुझी? म्हणजे घ्यायची."

"झाली. बाबा जागे आहेत, ताई?"

"जागे? सकाळपासून दोनदा मला विचारून झालं, आज कुणी येणारंय का. हल्ली रोज विचारतात. कुणी येत नाही रे आता. तू सुद्धा महिन्याकाठी." तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "आलायस तर जेवूनच जा. आणि जरा मोठ्यानं बोल त्यांच्याशी. कानातलं यंत्र घालतात, पण चालू करत नाहीत."

वडील आतल्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. खिडकीतून खालचा वाहनतळ दिसे आणि कुणाची गाडी कधी येते-जाते हे त्यांना चोख माहीत असे. हात मात्र पूर्वीचेच राहिले होते. मनगटापासून कोपरापर्यंत भट्टीच्या धगीनं भाजून-भाजून केस उडालेले, कातडी तुकतुकीत. लहानपणी त्या हातांवरून बोट फिरवत तो झोपायचा. आठवण आली तशी त्याला घाई झाली. "बाबा," तो खुर्ची ओढून म्हणाला, "मी तुमची मुलाखत घ्यायला आलोय."

त्यांना पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा आलं तेव्हा ते त्याच्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी कानातलं यंत्र चाचपून चालू केलं आणि म्हणाले, "माझी?"

"तुमची."

"ताई," त्यांनी हाक मारली. सख्ख्या मुलीला तेही ताईच म्हणत. "माझा सदरा दे. इस्त्रीचा."

"अहो बाबा, घरातल्या घरात कशाला?" बहीण दारातून म्हणाली, पण तिनं सदरा आणून दिला. हात बाहीत जाईना, दोघांनी मिळून घातला. वरचं बटण त्यांनी स्वतः लावलं. त्याला बराच वेळ लागला. "टेप कुठंय?" त्यांनी विचारलं. त्यानं फोन मांडीवर ठेवला, आता याच्यातच सगळं होतं म्हणून सांगितलं. ते त्यांना फारसं पटलं नाही. एवढ्याशा वस्तूत आपलं बोलणं मावेल का असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण ते ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. हा माणूस पायरीवर बसून कित्येक रविवार हेच बसणं शिकला होता.

"संपाच्या वर्षाबद्दल सांगा, बाबा. जे आठवेल ते. कुठूनही."

"संप सुरू झाला तेव्हा," वडील म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. खणखणीत झाला, सभेतला. "कुणालाही वाटलं नव्हतं की तो हिवाळा ओलांडेल. कामगारांची मागणी साधी होती. पण साध्या मागण्यांचीच मालकांना सर्वांत जास्त भीती वाटते." ते थांबले, जिथे परिच्छेद संपत होता तिथे. श्वास घेतला. "भट्टीखात्यानं एक निर्णय घेतला, ज्याची नोंद कोणत्याही कागदावर नाही."

दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात. स्वल्पविरामासकट. तो गप्प बसला. थोरल्या सरांनी शिकवलं होतं, मध्ये बोलायचं नाही, माणूस आधी तयार केलेलं बोलतो, ते संपलं की मग खरं येतं. त्यानं बुटांकडे पाहिलं. वडील बोलत होते. बिनपगारी पाळ्या, फाटक, तेल तोडणं, सगळं क्रमानं. एका ठिकाणी तर त्यांनी तळटीपही सांगितली. "हे मत वादग्रस्त आहे," ते म्हणाले. त्याला हसू आलं आणि त्या हसण्याचं पुढे काय करावं ते कळेना. तयार केलेलं संपेना. ते संपणारच नव्हतं, पुस्तक जाडजूड होतं.

"बाबा, थांबा. पुस्तकातलं नको. तुमचं सांगा. तुम्ही स्वतः पाहिलेलं."

"माझंच आहे हे," वडील गोंधळून म्हणाले. "मी होतो तिथे."

"होतात ना. मग त्या सकाळी तुम्ही कुठे उभे होतात? शेजारी कोण होतं? काय बोलणं झालं?"

वडिलांनी डोळे बारीक केले. त्यांच्या चेहऱ्यावर कष्ट दिसले, खरेखुरे, अंधारात हातानं काहीतरी चाचपणाऱ्या माणसाचे. तो पुढे झुकला. "शेजारी," वडील म्हणाले, "शेजारी आमचा तो... त्याचा हात..." मग त्यांनी मान हलवली, नाद सोडला. "नाही रे. ते मला नीट येत नाही. एकदा मी असं माझ्या मनचं बोललो होतो आणि हसं झालं. तुझंही नाव गेलं असतं."

"कधी?"

"तुझं पुस्तक आलं त्याच्या पुढल्या वर्षी. युनियनच्या हॉलमध्ये मला स्टेजवर बसवलं होतं, लेखकाचे वडील म्हणून. म्हणाले, तुम्ही भट्टीवरचे, दोन शब्द बोला. मी बोललो. उत्साह होता. तर मागून एक पोरगा उठला, चांगला शिकलेला, नम्र होता हो, आणि म्हणाला, आजोबा, तुमची काहीतरी गल्लत होतेय, सरांनी असं लिहिलेलं नाही. त्यानं पान काढून वाचून दाखवलं. सगळे हसले. वाईट नाही हसले, म्हातारा विसरला म्हणून हसले. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलानं एवढं संशोधन करायचं आणि बापानं स्टेजवरून काहीबाही ठोकून द्यायचं? त्या दिवशी कानाला खडा लावला. घरी आलो आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. रोज दुपारी. ताईला विचार. आता कुणी मला एका शब्दात पकडून दाखवावं."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुला वेळ कुठे होता?" वडील म्हणाले. त्यातही तक्रार नव्हती. त्या घरात कुणालाच तक्रार करता येत नव्हती.

त्यानं विचारलं तेव्हा त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. "त्या दिवशी स्टेजवर तुम्ही काय सांगितलं होतं, बाबा? जे पुस्तकात नव्हतं, ते?"

वडिलांनी प्रामाणिकपणे विचार केला. खाली एक गाडी मागे घेतली जात होती, तिची पीं-पीं वर येत राहिली. "काय की," ते शेवटी म्हणाले. "काहीतरी चुकीचंच सांगितलं असणार."

मग, त्याच्या मनात आलं, भट्टी कामगारांनीच विझवली असेल. बाबांनीच, त्या हातांनी. किंवा कुणीच नाही, ती आपसूक गेली असेल आणि दोन्ही बाजू त्यानंतर कारण शोधत बसल्या असतील. एका हॉलमध्ये, माणसांनी भरलेल्या, एकदा ते खरं मोठ्यानं बोललं गेलं होतं आणि त्याच्याच पुस्तकातलं पान काढून ते खोडलं गेलं होतं. तो त्या दिवशी कुठे होता? कुठल्यातरी परिषदेत, कामगारांच्या आठवणी जपल्या पाहिजेत यावर बोलत असणार. त्याला राग आला नाही, रडूही आलं नाही. असं झाल्यावर उठायचं, जेवायचं आणि घरी जायचं. पण तो उठला नाही, कारण ज्यासाठी आला होता ते अजून विचारलं नव्हतं. आई तर पुस्तकात नव्हती. आईला कुणी पान काढून दुरुस्त केलं नसणार. तिथे तरी अजून वाट मोकळी असेल.

"बाबा, आईबद्दल सांगा."

दारात बहीण चहाचे कप घेऊन उभी होती. ती आत आली नाही, तिथेच थांबली. या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जात होता आणि हे तिघांनाही माहीत होतं. वडिलांनी हात गुडघ्यांवरून उचलून मांडीत घेतले. सभेतला आवाज गेला. आता त्यांचा आवाज बसका, घरातला झाला, डोळे ओलावले, आणि त्याला वाटलं, आता. त्यानं फोनकडे पाहिलंही नाही.

"ती मला रोज सकाळी घराबाहेर काढायची," वडील म्हणाले. "संप होता, काम नव्हतं, तरी. पाळीची वेळ झाली की हातात डबा द्यायची. रिकामा डबा. म्हणायची, निघा. मी दिवसभर गावभर हिंडायचो आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचो. पोरांना वाटायचं बाबा कामावर जातात. ती म्हणायची, घराला घड्याळ हवं, नाहीतर घर सैल पडतं."

तो त्या बाईला ओळखत होता. बांधणी खात्यातल्या एका कामगाराची बायको, पुढचा एक दात पडलेला, हसताना तोंडावर पदर घ्यायची. वडिलांच्याच खोलीत, पंख्याखाली बसून, तिनं हे टेपवर सांगितलं होतं, आणि वडील तेव्हा बाहेर पायरीवर होते. संपात गावभर हिंडायची वेळ बांधणी खात्यावर आली होती, भट्टीखातं तर रोज आत जात होतं. संप संपल्यावर ती पुष्कळ वर्षं जगली. थोरल्या सरांच्या शिस्तीप्रमाणे त्यानं पुस्तकात तिचं नाव गाळून 'एका कामगाराची बायको' एवढंच लिहिलं होतं. रोज दुपारी ते पान वाचताना वडिलांना तिथे एक जागा रिकामी दिसली असेल. त्यांची बायको गेलेली, चेहरा पुसट झालेला, आणि इथे एक बाई, नाव नसलेली, कुणाचीही होऊ शकणारी. त्यांनी आपली आणून तिथे बसवली. त्यात लबाडी कसलीच नव्हती. त्यांच्या गालांवरून खरं पाणी वाहत होतं.

"हो रे," बहीण दारातून म्हणाली. "मला आठवतंय. मी लहान होते, पण तो डबा आठवतो. झाकण लावल्याचा आवाज सुद्धा आठवतो. मला वाटायचं त्यात काहीतरी आहे." तिनं डोळे खांद्याला पुसले. "मी कधी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं मलाच एकटीला आठवतं."

त्याच्या जिभेवर शब्द तयार होते. ती आई नव्हती. ती दुसरी बाई होती, तिचं नाव मला माहीत आहे, टेप ग्रंथालयात आहे. हे सांगणं त्याचं काम होतं, आयुष्यभर त्यानं याचाच पगार घेतला होता. सांगितलं असतं तर ही दोघं त्याच्याकडे पाहत बसली असती, सदरा घातलेला एक म्हातारा आणि कप घेतलेली एक म्हातारी, आणि त्यांच्यामध्ये कुणीच उरलं नसतं. नाही सांगितलं तर एक बाई उरत होती, दुसऱ्याची का होईना. आणि त्याच्यासाठी दोन्हीकडे सारखंच होतं. त्याला आई मिळायची नव्हती.

"मग एकदा तिला ताप भरला," वडील म्हणाले. हे पुस्तकात नव्हतं. त्यानं झटकन वर पाहिलं. वडिलांचे ओठ हलत होते, पण पुढचं येत नव्हतं. त्यांच्या कपाळावर आठी पडली, नजर भिंतीवर, खिडकीवर फिरून त्याच्यावर आली. ती नजर त्यानं हजार वेळा पाहिली होती. परीक्षेत अडलेल्या मुलांची. "नाही, ताप नाही," ते पुटपुटले. "ताप नाही लिहिलेला. मी मध्येच कुठे गेलो. डब्यानंतर काय होतं रे? तो भाग येतो मला. शेवटच्या दिवशी डबा देताना ती काय म्हणाली?"

"ताप कसा होता, बाबा? ते सांगा ना."

"अरे, तसं नको करूस," वडील कळवळून म्हणाले. ते घाबरले होते. त्यांचा हात त्याच्या मनगटावर आला, तुकतुकीत, कोरडा. "मला चुकीचं बोलायला लावू नकोस. टेप चालू आहे. पुढचं सांग. एक शब्द सांग, मग मला येईल."

बहीण वाट पाहत होती. वडील वाट पाहत होते. त्याला ती ओळ पाठ होती. तीही त्यानं शिंप्याच्या खोलीतच लिहिली होती, टेपवर ती बाई असं काही म्हणाली नव्हती, नुसती हसली होती. त्यानं घसा साफ केला.

"'उद्यापासून,'" तो म्हणाला, "'डबा भरून देईन.'"

"हां," वडील म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला, पाठ ताठ झाली. "उद्यापासून डबा भरून देईन, असं ती म्हणाली." आणि मुलाचं मनगट तसंच धरून ते पुढे सांगू लागले.